आण्णांनी खाल्लेला तांदूळ

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत तांदळाची दुकानं इतकी, की दगड मारावा आणि तो पोत्यालाच लागावा. त्यात सिद्धाप्पाचं दुकान ना मोठं, ना सजवलेलं, ना कोपऱ्यावरचं. बोलायला गोड म्हणाल तर तेही नाही. भाव एक पैसा कमी करायचा नाही आणि चहा पाजायचा तर प्रश्नच नाही. तरी गिऱ्हाईक दहा दुकानं ओलांडून त्याच्याकडं यायचं, त्याला कारण एकच. दुकानात नवा माल आला की पहिली बानगी त्याच्या घरी जायची. बायको बसव्वा ती शिजवायची, आणि हा गडी लिंगपूजा आटोपून तो भात नुसत्या मिठावर जेवायचा. भाजी नाही, आमटी नाही. "आमटी वतली की वाईट भात बी चांगला लागतोय," हे त्याचं शास्त्र. जेवून पसंत पडला तरच माल विकायला काढायचा.

त्यामुळं गिऱ्हाईक पोत्यात हात घालायचं नाही, दाणा चावायचं नाही, नुसतं विचारायचं, "आण्णा, खाल्ला काय?" आण्णा म्हणाला "खाल्ला," की पोतं टेम्पोत. म्हणाला "अजून न्हाय," की गिऱ्हाईक मुकाट परत जायचं आणि दोन दिवसांनी पुन्हा यायचं. बापाच्या वेळेपासून चालत आलेली रीत. दुकानाला जोतं होतं, भिंती होत्या, सगळं होतं. पण दुकान उभं होतं ते ह्या एका शब्दावर, आणि हे सिद्धाप्पालाही पक्कं ठाऊक होतं.

तर अशा माणसानं भात सोडला. घ्या आता.

झालं असं की, दोन हजार चार साली पेठेत कुठल्याशा मंडळानं तपासणी शिबिर भरवलं. फुकट म्हटल्यावर सिद्धाप्पा रांगेत पहिला. तिथं कळलं की साखर काठावर आहे. गुडघे आधीच कुरकुरत होते, पोट आधीच दुकानाच्या उंबऱ्यातून त्याच्या आधी आत जात होतं. घाबरला बिचारा. आणि घाबरलेल्या माणसाला गुरू भेटायला वेळ लागत नाही. पंधरवड्यात पुण्याहून शिवशरण सर आले आणि त्यांनी मोठ्या सभागृहात व्याख्यान ठेवलं, "माणसाला कार्बोहायड्रेटची गरज आहे काय?" सर डॉक्टर नव्हते. पण डॉक्टर नसल्याचं त्यांनी कधी कुणाला सांगितलंही नव्हतं.

सरांचं म्हणणं सोपं होतं. शरीराला प्रथिनं लागतात, चरबी लागते. पण पिष्ट म्हणजे भात, भाकरी, चपाती, पोहे, ह्यांची गरज अजिबात नाही. ही आपली जुनी खोड आहे. पिष्ट बंद केलं की पोटातली भट्टी अंगातलीच चरबी जाळायला लागते आणि माणूस आपोआप उतरतो. भाकरी सोडायची म्हटल्यावर सभागृहात घरात कुणी गेल्यागत शांतता पसरली. मग मागच्या रांगेतून एकानं भीत भीत विचारलं, "सर, मटणाचं कसं?" सर म्हणाले, "मटणाला बंधन नाही." "आणि रस्सा?" "रश्श्यालाही नाही." एवढी टाळी त्या सभागृहात शाहिरालाही मिळाली नसेल. कोल्हापूरला विज्ञान पटलं ते त्या क्षणी.

पंचाईत सिद्धाप्पाची. तो लिंगायत; मटण सोडाच, अंड्याचं टरफल घरात आलं असतं तर बसव्वानं घर धुऊन काढलं असतं. त्याच्यासाठी सरांनी वेगळी वाट काढली. पनीर, शेंगदाणे, खोबरं, लोणी, पालेभाजी आणि ताक. एक ताकीद मात्र दिली. "एक शीत जरी पोटात गेलं तरी भट्टी विझते. परत पेटायला आठवडा जातो."

घरी येऊन त्यानं बसव्वाला हे सगळं समजावून सांगितलं. ती सीमेकडची, निपाणीच्या पलीकडच्या गावची. ऐकून घेतलं, मग म्हणाली, "मग एवढी वर्सं आपण काय माती खाल्ली व्हय?"

"अगं, जंगलात सिंह भाकरी खातोय काय?"

"न्हाय खात. पर तो दिवसभर झोपतोय. तुमी बी झोपा, मी दुकानात बसते."

"तुला कळायचं न्हाय. सुम्म बस."

सुम्म म्हणजे गप्प. ती गप्प बसली, पण भांड्यांना कुणी सुम्म बसवलं नव्हतं. ती आठवडाभर वाजत राहिली.

खोटं कशाला बोला, गुण आला. पोट उतरलं, पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली, गुडघ्यांची कुरकुर कमी झाली. रविवारी सकाळी सरांच्या मंडळींचं वजन व्हायचं, तिथं सिद्धाप्पाचा काटा सगळ्यांत जास्त खाली. आता माणूस बारीक झाला तर त्यानं बारीक व्हावं आणि गप्प राहावं. पण कोल्हापुरात गुण आलेला माणूस गप्प राहिल्याचं कुणी ऐकलंय? सिद्धाप्पा दुकानाच्या गादीवर बसून येईल त्याला उपदेश करायला लागला. तांदळाच्या दुकानात, तांदळाच्या पोत्यांना टेकून.

"भात म्हंजे विष हाय बघा, पावणं. साखरंचा सख्खा भाऊ. माणसाला त्याची गरजच न्हाय. बोला, किती किलो बांधू?"

गिऱ्हाईक हसायचं आणि न्यायचं. आण्णा गमतीचा झालाय म्हणायचं. पण जाताना नेमानं विचारायचं, "खाल्ला काय?" आणि तिथं खरी अडचण सुरू झाली.

पहिल्यांदा तो म्हणाला, "बघितला." गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं. दुसऱ्यांदा म्हणाला, "शिजवून बघितला." ते गिऱ्हाईक म्हणालं, "शिजवून आमची म्हातारी बी बघती की. खाल्ला काय ते सांगा." तेही गेलं. तिसऱ्यांदा सिद्धाप्पा म्हणाला, "खाल्ला." पोतं टेम्पोत गेलं. आभाळ कोसळलं नाही, वीज पडली नाही, समोर हमाल विडी ओढत होता तो विडी ओढत राहिला. पहिलं खोटं माणसाला जड जातं म्हणतात. त्याला ते शेंगदाण्याच्या मुठीपेक्षा हलकं वाटलं.

बसव्वाला हे कळायला वेळ लागला नाही. "मी खाते की," ती म्हणाली. "मी सांगते चांगला हाय का वाईट. तुमी गिऱ्हाइकाला सांगा, बायकोनं खाल्लाय."

सिद्धाप्पा असा भडकला की ताकाचा पेला सांडला. "बायकोनं खाल्लाय म्हणून सांगू? बापानं ही जीभ मला दिलीय, तुला न्हाय. लक्ष्मीपुरी हसंल माझ्यावर."

"आता काय रडतीय व्हय ती?"

पुढं पुढं तर घरात भात शिजवायलाही बंदी झाली. कारण शास्त्रीय नव्हतं, कारण वास. घनसाळ तांदूळ शिजायला लागला की घरभर जो वास सुटतो, त्यानं सिद्धाप्पाची भट्टी आतून कासावीस व्हायची. एकदा तो वास सोसवेना म्हणून चप्पल न घालताच रंकाळ्यापर्यंत चालत गेला. त्यानंतर बसव्वा आपली भाकरी थापून खायची, भात आठवला तर शेजारणीकडं जायची. आणि सिद्धाप्पा नवा माल आला की चार दाणे दाढेखाली फोडायचा, आवाज ऐकायचा आणि थुंकायचा. कोरड्या दाण्यावरून सांगायचा, जुना आहे. दैवानं साथ दिली म्हणून पाच महिने निभावलं. त्याला वाटलं, आपली जीभच एवढी तयार आहे, की तिला आता खायची गरज उरली नाही. बघा, गरजच नाही.

मार्गशीर्षात कोडोलीचे गणपतराव आले. मोठे ऊसवाले शेतकरी, बापाच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. रान सगळं उसाखाली, त्यामुळं तांदूळ विकत. त्यांच्या निशिगंधाचं लग्न ठरलं होतं, मुलगा शिवाजी पेठेतला अमरसिंह. "आण्णा, पेठेतली माणसं हायत," गणपतराव म्हणाले. "फुटबॉल आणि जेवण, दोन गोष्टीत त्यांना कोण फसवू शकत न्हाय. एकुलती एक लेक हाय. भात असा पायजे की शीत शिताला लागू ने. जुना द्या. दुसरं काय मी बघत न्हाय."

सिद्धाप्पाकडं जुना माल एवढा शिल्लक नव्हता. सीमेपलीकडच्या एका दलालानं लगेच पाठवून दिला, वर छातीठोकपणे कळवलं, वरसावरचा जुना आहे. पोती लागली तो दिवस बुधवार. आणि येत्या रविवारी सरांच्या मंडळात सिद्धाप्पाचा सत्कार होता. शाल, श्रीफळ, आणि चौकात डिजिटल बोर्ड, "तांदळाच्या व्यापाऱ्याने भात सोडला!" बोर्डासाठी फोटो काढून झाला होता. त्याआधी सगळ्यांसमोर काट्यावर उभं राहायचं होतं.

त्या दिवशी मात्र सिद्धाप्पा चलबिचल झाला, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच पाहिजे. मूठभर तांदूळ रुमालात बांधून तो घरी आला. बसव्वानं रुमाल बघितला, पातेलं घासून चुलीवर ठेवलं. पाण्याला आधण आलं. सिद्धाप्पा रुमालाची गाठ सोडत होता, परत बांधत होता. एकुलती एक लेक. पेठेतले पावणे. एक घास खाल्ला तर काय होईल? भट्टी विझेल. आठवडाभर. रविवारी काटा वर जाईल, आणि सर माईकवरून सगळ्यांना सांगतील की आण्णांनी पथ्य मोडलं. त्यानं चार दाणे दाढेखाली फोडले. कडक आवाज आला. "जुना हाय," तो म्हणाला.

"खावा," बसव्वा म्हणाली.

"जुनाच हाय म्हटलं की."

"मग खायला भ्याव कशाचं?"

त्यानं रुमाल खिशात घातला आणि दुकानात गेला. बसव्वानं आधणाचं पाणी मोरीत ओतून दिलं.

संध्याकाळी गणपतराव टेम्पो घेऊन आले. विचारलं, "आण्णा, खाल्ला काय?"

"खाल्ला."

गणपतरावांनी एक पोतंही उघडलं नाही. हमालांना हाक मारली आणि हात जोडून म्हणाले, "पुढच्या गुरुवारी वैनींना घेऊन यायचं. पयल्या पंगतीला बसायचं. कारण न्हाय सांगायचं."

रविवारी सत्कार झाला. काटा खाली गेला, टाळ्या पडल्या, सिद्धाप्पानं भाषणात सांगितलं की माणसाला भाताची गरज नसते, सवय असते. लोकांनी ऐकलं आणि शेजारच्या खाणावळीत रस्सा ओरपायला गेले.

गुरुवारी कोडोलीत अक्षता पडल्या. मांडव गच्च भरलेला. पहिल्या पंगतीला मानाच्या जागेवर सिद्धाप्पा, बायकांच्या पंगतीत बसव्वा. सिद्धाप्पाचा बेत ठरलेला होता. वांग्याची भाजी खायची, ताक प्यायचं, भाताला हात लावायचा नाही, खिशात शेंगदाणे आहेतच. वाढपी आला. पातेल्यात पळी घातली, आणि पळीला भात येईना. आला तो सगळा एकदम. पत्रावळीवर पडला तसा बसून राहिला, लिंपायला कालवलेल्या मातीसारखा. मध्येच दाणे टचटचीत, कच्चे.

सिद्धाप्पाला खायची गरजच पडली नाही. बघूनच कळलं. जुन्यात नवा मिसळलेला. जुना शिजायची वाट बघता बघता नवा विरघळून जातो. दाढेखाली त्यादिवशी नेमके जुने दाणे आले होते. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, पण त्यासाठी आधी भात शिजवावा लागतो, एवढं म्हणीलाही सांगावं लागत नाही.

पंगतीत कुजबुज सुरू झाली. नवऱ्या मुलाचा मामा, पेठेतला जाडजूड माणूस, पत्रावळीकडं बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हा भात हाय का खळ? पतंगाचा मांजा सुतायचा असंल तर बरा हाय." चार जण हसले. गणपतरावांच्या कानापर्यंत ते गेलं, आणि बापाचं तोंड उतरलं. ते वाढप्याच्या हातातलं पातेलं घेऊन बघत राहिले. मग आचाऱ्याला हाक मारली. आकाराम आचारी, पंचवीस गावांत लग्नं रांधलेला, कमरेला टॉवेल बांधून पुढं आला.

"आकाराम, काय केलंस हे?"

"मालक, तांदूळच..." आकारामनं सुरुवात केली.

"तांदळाला नाव ठेवायचं न्हाय." गणपतरावांचा आवाज चढला. "तो आण्णांनी खाल्लेला तांदूळ हाय. हितं बसल्यात ते. माझ्या बापानं बी त्यांच्या बापाच्या शब्दावर तांदूळ नेला. चूक तुझी हाय. पाण्याचा अंदाज चुकला तुझा."

आकारामनं मान वर करून सिद्धाप्पाकडं बघितलं. आण्णांना बघून मात्र आकारामचा चेहरा पडला. "आण्णांनी खाल्लाय व्हय," तो म्हणाला. "मग माझंच चुकलं असणार, मालक. पाणी जादा झालं असंल. म्हातारा झालोय आता."

सिद्धाप्पाच्या पोटात भट्टी होती म्हणतात. ती त्या वेळी कुठं गेली देव जाणे. गप्प बसणं किती सोपं होतं. कुणी विचारत नव्हतं. उलट सगळा मांडव त्याची बाजू घेऊन बसला होता. ज्यानं रांधलं तोसुद्धा. मामानं तोंड आकारामकडं वळवलं होतं आणि म्हणत होता, असल्या आचाऱ्याला मांडवात घ्यायचंच कशाला. नुसतं वांगं खायचं, ताक प्यायचं आणि उठायचं. पलीकडं बायकांच्या पंगतीतून बसव्वा त्याच्याकडं बघत होती. काही बोलत नव्हती. तिला सुम्म बसायला त्यानंच शिकवलं होतं.

"गणपतराव," सिद्धाप्पा म्हणाला. "आकारामला बोलू नका. मी खाल्ला नव्हता."

"काय?"

"तांदूळ. मी खाल्ला नव्हता. पाच महिनं झालं, कुठलाच खाल्ला न्हाय. सगळ्यांना खोटं सांगितलं."

आकारामनं टॉवेलानं तोंड पुसलं आणि बाजूला सरकला. गणपतरावांनी शिवी दिली असती तर सिद्धाप्पाला बरं वाटलं असतं. पण घरात लेकीचं लग्न, आणि हा पंगतीतला पाहुणा. ते पातेलं घेऊन त्याच्यासमोर आले, वाकले, आणि पत्रावळीवर पळी पळीनं भात वाढत गेले. वाढत गेले. ढीग झाला तरी थांबले नाहीत.

"खावा आता," ते म्हणाले. "माझ्या दारातनं उपाशी कोण उठायचं न्हाय."

वर आमटी घातली नाही. मीठ तेवढं कडेला होतं. सिद्धाप्पानं घास केला. हाताला चिकटला, तो तोंडात घातला.

आणि काय सांगावं. ज्या जिभेला तीस वर्षं भेसळ कळत होती, पावसात भिजलेलं पोतं कळत होतं, ती जीभ गिचका म्हणाली नाही, कच्चा म्हणाली नाही. पाच महिने शेंगदाणे आणि खोबरं चघळून वखवखलेली ती जीभ. तिला तो चिखल इतका गोड लागला की सिद्धाप्पाच्या डोळ्यांतून पाणी आलं. लोकांना वाटलं, शरमेनं आलं. तेही होतं, पण सगळं तेच नव्हतं. त्यानं दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, मग घासांना खंड नव्हता. कच्चे दाणे दाताखाली करकरत होते, ते चावून गिळत होता. बोटं चाटली. मांडवातली सगळी माणसं, नवरा-नवरी धरून, ह्या सत्कारमूर्तीकडं बघत होती आणि तो खाली मान घालून खात होता. पत्रावळ रिकामी झाली.

गणपतराव पातेलं घेऊन तिथंच उभे होते. "कसा लागला, आण्णा?" त्यांनी विचारलं.

सिद्धाप्पानं मान वर केली. तोंडाला शितं लागलेली. पाच महिन्यांत त्यानं तांदळाबद्दल जे जे सांगितलं होतं त्यातलं एकही खरं नव्हतं. आत्ता खोटं बोलणं सगळ्यांत सोपं होतं, वाईट लागला म्हटलं की सुटका होती.

"चांगला लागला," तो म्हणाला.

ते अगदी खरं होतं. मांडवातल्या एकाही माणसाचा त्यावर विश्वास बसला नाही.